गिटारचं डोकं : घरी घडवलेल्या एका वाद्याचा इतिहास



बाहेरच्या फलकावर आजचा विषय वाचून एका जुन्या स्नेह्यांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, विषय छापताना काही गफलत झाली का?" गफलत झालेली नाही. आम्ही पस्तीस वर्षं न्यायदर्शन आणि ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं हे खरं. आज मात्र इलेक्ट्रिक गिटारच्या डोक्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही मुख्यतः घरी बनवलेल्या गिटारच्या. इंग्रजीत त्याला हेडस्टॉक म्हणतात. दांडीच्या वरच्या टोकाचा, खुंट्या बसवलेला तो भाग. आपण त्याला डोकंच म्हणू.

या विषयाकडे आम्ही का वळलो, ते आधी सांगून टाकतो. 1996 साली आमचा मुलगा बारावीत होता. त्या वर्षी त्यानं घरात गिटार बनवायला घेतली. वाड्याच्या मोडलेल्या दाराची सागवानी फळी, मुंबईहून मागवलेला एक पिकअप, आणि कॅसेटच्या वेष्टनावरचं एक चित्र, एवढं त्याचं भांडवल. त्या चित्रातल्या गिटारचं डोकं मागे झुकलेलं होतं, म्हणून यानंही फळीतून तसंच झुकलेलं डोकं कापून काढलं. चार महिने खपून एका रात्री तारा चढवल्या, वाजवून पाहिल्या, आणि गिटार भिंतीला टेकवून तो झोपला. सकाळी पाहतो तर डोकं मानेपाशी तुटून तारांना लोंबकळत होतं. आम्ही त्याला म्हणालो, "झालं ते बरं झालं, आता अभ्यासाला बस." आज खरं सांगायचं तर त्या सकाळी आम्हाला मनातून हायसं वाटलं होतं. ते डोकं का तुटलं, हे ना त्यानं विचारलं, ना आम्ही. निवृत्तीनंतर हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता दोनशे वर्षं मागे जावं लागलं.

तर आधी डोक्याचं काम काय ते पाहू. इलेक्ट्रिक गिटारला सहा तारा. नेहमीच्या बारीक तारांचा संच नेहमीच्या सुरात लावला, तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे 45 किलो वजनाइतका होतो. म्हणजे एखादं शाळकरी पोर त्या दांडीला अहोरात्र लटकलेलं आहे असं समजा. हा सगळा ओढा शेवटी जातो तो खुंट्यांवर, आणि खुंट्या असतात डोक्यात. डोक्याच्या अलीकडे, दांडीच्या टोकाशी, हाडाची किंवा प्लास्टिकची एक आडवी पट्टी असते. तिच्या खाचांतून तारा जातात. तिला नट म्हणतात. हा नट नाटकातला नव्हे आणि बोल्टवरचाही नव्हे. तार या नटावर घट्ट टेकून राहिली पाहिजे, नाहीतर ती खाचेत खडखडते. ती टेकावी म्हणून नट ओलांडल्यावर तिनं थोडं खाली उतरावं लागतं.

इथेच पेच सुरू होतो. तार खाली उतरायला हवी, म्हणून डोकं मागे झुकवायचं. फार झुकवलं तर नटावरचं घर्षण वाढतं आणि तार खाचेत अडकते. खुंटी पिळावी तर सूर हलत नाही, आणि हलला की एकदम उडी मारतो. शिवाय झुकलेलं डोकं सरळ फळीतून कापलं, तर लाकडाचे तंतू मध्येच तुटतात. झुकवलंच नाही, तर तार टेकत नाही. त्यातच सहा खुंट्या अशा बसवायच्या, की हाताला सोयीच्या व्हाव्यात आणि तारा डावी-उजवीकडे वाकू नयेत. डोक्याची सगळी रचना म्हणजे या चार-पाच मागण्यांमधली तडजोड आहे, आणि तिचा इतिहास म्हणजे कोणी कोणती मागणी वरची मानली याचा इतिहास.

आपल्याकडच्या वाद्यांनी हा पेच वेगळ्या रीतीनं सोडवला. मिरजेचा तानपुरा डोळ्यांपुढे आणा. त्याची दांडी सरळ वर जाते. दोन खुंट्या समोरून, दोन बाजूंनी. खुंटी लाकडी, छिद्रात नुसती दाबून बसवलेली. आणि बारीक सूर लावायला खाली घोडीपलीकडे मणी. खुंटीनं सूर साधारण लावायचा आणि मण्यानं नेमका करायचा, अशी कामाची वाटणीच केलेली. युरोपातल्या ल्यूट नावाच्या वाद्याचं डोकं तर जवळजवळ काटकोनात मागे मोडलेलं असे. गिटारचं डोकं या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे.

आता व्हिएन्नाला जाऊ. तिथे योहान गेओर्ग श्टाउफर नावाचा वाद्यकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यानं गिटारचं डोकं एका बाजूला वळवलं आणि सहाही खुंट्या एकाच ओळीत बसवल्या. आज जी रचना अगदी आधुनिक आणि अमेरिकी समजली जाते, ती अशी दोनशे वर्षं जुनी आणि ऑस्ट्रियाची आहे. त्याच्या हाताखाली काम केलेला एक कारागीर म्हणजे क्रिस्टियान फ्रीडरिक मार्टिन. हा मूळचा जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या मार्कनॉयकिर्शन गावचा.

मार्टिन गावी परतला, तेव्हा तिथे एक वाद पेटलेला होता. व्हायोलिन बनवणाऱ्यांची श्रेणी म्हणे, गिटार हे वाद्य आहे, सबब ते बनवण्याचा हक्क आमचा. मार्टिनचं घराणं होतं कपाटं-टेबलं करणाऱ्या सुतारांच्या श्रेणीतलं. म्हणजे प्रश्न असा, की गिटार कोणी बनवावी? ज्याला तिचं ज्ञान आहे त्यानं, की ज्याच्या जातकुळीला परवाना आहे त्यानं? हा वाद आपल्याला अनोळखी वाटायला नको; आपल्या गावगाड्यात अशी शेकडो भांडणं झाली आहेत. मार्टिन 1833 साली न्यूयॉर्कला निघून गेला. त्याच्या सुरुवातीच्या अमेरिकी गिटारींवर श्टाउफरचंच एकबाजू डोकं दिसतं. पुढे त्याच्या कारखान्यानं ते सोडून दिलं आणि तीन खुंट्या इकडे, तीन तिकडे ही रचना घेतली. एकबाजू डोकं जवळजवळ विस्मरणात गेलं.

ते परत आलं विजेबरोबर. 1930च्या दशकात तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं ठेवून आवाज वाढवण्याची युक्ती साधली. आता पोकळ पेटीची गरज उरली नाही. 1940च्या सुमाराला लेस पॉल नावाच्या वादकानं न्यूयॉर्कच्या एका कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी, पाइनचा चार इंची चौकोनी ओंडका घेतला आणि त्यावर तारा ताणल्या. त्याचं नावच 'लॉग', म्हणजे ओंडका. घरगुती इलेक्ट्रिक गिटारींचा हा एक पूर्वज. गंमत अशी, की दांडी आणि डोकं त्यानं तयार गिटारचंच लावलं. त्याचा प्रश्न धडाचा होता, डोक्याचा नव्हता. प्रत्येक शोधक सगळ्याच गोष्टी नव्यानं शोधत नाही, शोधूही नये.

डोक्याचा प्रश्न घेतला तो कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्स्बीनं. हा मोटरसायकलींचं काम करणारा यंत्रकार. मर्ल ट्रॅव्हिस या वादकानं त्याला एक चित्र काढून दिलं : भरीव धडाची गिटार, आणि सगळ्या खुंट्या एका बाजूला, म्हणजे हात फिरवावा लागणार नाही. 1948 साली ती तयार झाली. आज ती नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात आहे. शेजारच्याच मुलखात लिओ फेंडर काम करत होता. 1949 सालच्या त्याच्या पहिल्या नमुन्याला तीन-तीन खुंट्यांचं डोकं होतं. 1950 साली बाजारात आलेल्या गिटारला सहा एका ओळीत. ट्रॅव्हिसचं म्हणणं, ही कल्पना आपल्या गिटारवरून घेतली. फेंडरचं म्हणणं, ती क्रोएशियाच्या लोकवाद्यांवरून सुचली. या वादाचा निकाल आम्ही देणार नाही. पण श्टाउफर आठवला, तर मालकीचा दावा दोघांनाही जरा जपूनच करावा लागेल.

फेंडरची खरी करामत वेगळीच आहे. त्यानं डोकं झुकवलंच नाही. मेपल लाकडाच्या एका सपाट फळीतून दांडी आणि डोकं सलग कापलं. फक्त डोक्याची पातळी पडद्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली घेतली. लाकूड वाचलं, यंत्रावर कापणं सोपं झालं, आणि तंतू टोकापर्यंत अखंड राहिले. तारा नटातून सरळ रेषेत खुंटीकडे जातात. किंमत काय मोजली? लांबच्या खुंट्यांकडे जाणाऱ्या बारीक तारा पुरेशा खाली उतरत नाहीत. म्हणून त्यांना दाबून धरायला एक छोटासा आकडा डोक्यावर ठोकावा लागला, आणि त्याचं घर्षण पदरी आलं.

गिब्सन कंपनीनं उलट बाजू धरली. 1952 साली आलेल्या त्यांच्या 'लेस पॉल' गिटारचं डोकं 17 अंशांनी मागे झुकलेलं, खुंट्या तीन-तीन, दांडी महोगनीची. तार नटावर छान बसते. पण खुंट्यांकडे जाताना तारा बाजूलाही वाकतात. मधल्या दोन सर्वांत जास्त, आणि तिसरी तार सुराबाहेर जाते अशी तक्रार वादक अजून करतात. दुसरं म्हणजे, दांडी सरळ राहावी म्हणून आत घातलेल्या सळीचं तोंड नटाच्या लगेच मागे उघडतं. म्हणजे जिथे ताण जास्त, तिथेच लाकूड कोरून काढलेलं. या गिटारी पडल्या की मानेशी तुटतात, ही ख्याती त्यांना उगाच मिळालेली नाही. 1960च्या दशकाच्या मध्यात हा कोन 14 अंशांवर आणला गेला, आणि त्या दशकाच्या शेवटी नटामागे लाकडाचा उंचवटाही ठेवू लागले.

आता थोडं गणित, घाबरू नका. डोक्याची जाडी 15 मिलिमीटर धरा. सरळ फळीतून 17 अंशांचं डोकं कापलं, तर लाकडाचा तंतू एका पृष्ठातून शिरून दुसऱ्या पृष्ठातून बाहेर पडायला फक्त 5 सेंटिमीटर घेतो. म्हणजे डोकं हे अखंड लाकूड नव्हे. 5 सेंटिमीटरचे तुकडे एकमेकांना चिकटून उभे आहेत, इतकंच. कोन 4 अंश केला, तर तोच तंतू सुमारे 21 सेंटिमीटर जातो. सहसा डोकंसुद्धा एवढं लांब नसतं.

हे गणित मांडलं, तेव्हा आम्हाला वर्गात शेकडो वेळा सांगितलेलं एक उदाहरण आठवलं. नैयायिक म्हणतात, वस्त्राचं समवायी कारण म्हणजे तंतू. पण नुसते तंतू म्हणजे वस्त्र नव्हे. तंतूंचा परस्परांशी संयोग हे असमवायी कारण. आणि विणकर, माग ही निमित्त कारणं. परीक्षेत मुलं हे घोकून लिहीत आणि आम्ही गुण देत असू. असमवायी कारण वेगळं कशाला मानायचं, असं एखादा हुशार मुलगा विचारी, तेव्हा आमचं उत्तर पुस्तकीच असे. आज आम्ही त्याच्या हातात ती तुटकी मान दिली असती. सागवान उत्तम होतं, कारागीर मेहनती होता. चुकली होती ती तंतूंची मांडणी. जुन्या सुतारांना हे ठाऊक होतं. म्हणून झुकतं डोकं करायचं तर ते फळी तिरपी कापून, तुकडा उलटा करून चिकटवत. जोड दिला की कमजोर होतं असं आपल्याला वाटतं. इथे जोड दिल्यानंच बळकटी येते, कारण दोन्हीकडचे तंतू आपापल्या दिशेनं सलग राहतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 1963 सालचा ऑगस्ट, लंडनजवळचं फेल्टम. ब्रायन मे नावाचा सोळा वर्षांचा मुलगा. त्याला फेंडरची गिटार हवी होती आणि घरची ऐपत नव्हती. वडील हॅरल्ड मे इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. दोघांनी मिळून गिटार बनवायला घेतली. सव्वा वर्षाच्या आसपास काम चाललं आणि खर्च आला सुमारे 8 पौंड. दांडी कशाची? कोणाच्या तरी घरातून निघालेल्या, शंभर वर्षांहून जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची. तिला किड्यांनी पाडलेली भोकं होती, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. पडद्यांमधल्या खुणा आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. सूर खालीवर करणाऱ्या ट्रेमोलोच्या स्प्रिंगा 1928 सालच्या पँथर मोटरसायकलच्या.

ही यादी लोक कौतुकानं सांगतात, आणि सांगण्यासारखी आहेच. पण आम्हाला तिच्यातलं महत्त्वाचं वेगळं वाटतं. या बापलेकांनी डोक्याचा विचार डोक्यापासून सुरू केला नाही, तो सुरू केला दुसऱ्या टोकापासून. ट्रेमोलोची दांडी दाबली की सगळ्या तारा सैल पडतात. सोडली की त्या जशाच्या तशा सुरात परत यायला हव्यात. त्यासाठी वाटेत कुठेही घर्षण नको. म्हणून ट्रेमोलो सुरीच्या धारेवर तोललेला, आणि घोडीवर तारांना फिरत्या रुळ्या. मग नटाचं काय? तिथे त्यांनी एक जास्तीचा पडदा बसवला, त्याला शून्य पडदा म्हणतात. तार त्यावर टेकते. मागची पट्टी तिला केवळ जागेवर ठेवते. मग डोकं? कोन जेमतेम 4 अंशांचा, आणि खुंट्या अशा मांडलेल्या की प्रत्येक तार सरळ रेषेत आपल्या खुंटीपाशी पोहोचते. खुंट्या तीन-तीन असूनही तारा वाकत नाहीत. म्हणजे फेंडरचा सरळपणा घेतला, गिब्सनची मांडणी घेतली, आणि दोघांचे दोष बाहेर ठेवले. कॅसेटवरचं चित्र पाहून हे जमत नाही. "हे असं का?" हा प्रश्न प्रत्येक सांध्यापाशी विचारावा लागतो.

हीच गिटार पुढे 'क्वीन' या बँडमध्ये वाजली. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा. शाळेच्या बँडमध्ये तो पियानो वाजवत असे. साठ वर्षं होऊन गेली, ब्रायन मे अजून तीच गिटार वाजवतात. मधे त्यांनी 2007 साली खगोलभौतिकीतली अर्धवट सोडलेली पीएच.डी.ही पूर्ण केली. मास्तरांना हे सांगायला जरा बरं वाटतं.

एक मुद्दा अजून राहिला. धडाचे आकार सगळे एकमेकांसारखे करू लागले, तेव्हा कारखान्याची ओळख सांगायला डोकंच उरलं. 1977 साली गिब्सनच्या मालक कंपनीनं आयबानेझ गिटारींच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यावर डोक्याच्या आकाराची नक्कल केल्याचा दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. आणि 1980च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर या रचनाकारानं डोकंच काढून टाकलं! खुंट्या धडाच्या टोकाला नेल्या. एकीकडे कोर्टात ज्याच्या आकारासाठी भांडण, त्याची गरजच नाही असं दुसऱ्यानं करून दाखवलं. यातून आम्ही घेतो ते एवढंच : आकारात काही भाग कारणाचा असतो आणि काही भाग निशाणीचा. घरी बनवणाऱ्याला निशाणीची सक्ती नाही. तो मोकळा आहे. पण त्या मोकळेपणाचा उपयोग त्याला तेव्हाच, जेव्हा कारणाचा भाग कोणता हे त्याला कळतं. आमच्या मुलानं निशाणीची नक्कल केली आणि कारण सुटलं. त्याला दोष नाही. कारणं शिकवणं हा आमचा धंदा होता, आणि आम्ही शेजारच्याच खोलीत बसलो होतो.

हॅरल्ड मे यांचीही एक बाजू आहे, ती झाकणार नाही. ज्या बापानं गिटार बनवायला हात लावला, तोच बाप मुलानं संशोधन सोडून संगीत धरलं तेव्हा फार नाराज झाला. पुढे मुलानं आई-वडिलांना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमाला नेलं, तेव्हा कुठे ते निवळलं. म्हणजे काळजी त्यालाही होती. पण काळजी असताना त्यानं पटाशी खाली ठेवली नव्हती. आमच्यात आणि त्याच्यात एवढाच फरक, आणि तो लहान नाही.

गेल्या दिवाळीत मुलगा घरी आला, तेव्हा आम्ही त्याला ते तंतूंचं गणित कागदावर मांडून दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, हे तेव्हा सांगायचं होतंत." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी पुठ्ठा घेऊन आली. तिलाही गिटार करायची आहे. डोक्याला मोराचा आकार द्यायचा म्हणत होती. आम्ही म्हटलं, मोर होईल, नाही कशाला? पण आधी नटाच्या सहा खाचा काढ, तिथून सहा दोरे सरळ ताण, दोरे संपतात तिथे खुंट्यांची भोकं पाड. मोर त्यांच्याभोवती काढ. तिनं तसं केलं. मोराची मान जरा आखूड झाली, पण दोरे सरळ आहेत. येत्या सुट्टीत फळी आणायची आहे. तिरपा जोड द्यायचा की सपाट ठेवायचं, यावर घरात अजून एकमत नाही.

इथे थांबतो.  सभागृहात कोणी जाणते सुतार असतील, तर आमच्या गणितातली चूक त्यांनी जरूर दाखवावी. फळी अजून कापलेली नाही.